बाळंतपणासाठी हॉस्पिटल कोणतं? आधी तिथली रात्र बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात गफलत झाली असेल तर लगेच कळेल. वय २९, पहिलटकरीण, सध्या २२वा आठवडा. राहायला धायरीत. घरापासून १० मिनिटांवर १२ खाटांचं नर्सिंग होम आहे, तिथल्या डॉक्टरांकडे पहिल्यापासून दाखवताय आणि त्या तुम्हाला आवडतात. मिस्टरांना कर्वे रोडच्या बाजूचं मोठं हॉस्पिटल हवंय, कारण तिथे बाळांचं आयसीयू आहे. सासूबाई म्हणतात, जवळचं ते बरं. आई म्हणते, सातव्यात कराडला ये, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. नर्सिंग होमचं पॅकेज मोठ्या हॉस्पिटलच्या निम्म्याहून कमी. हिमोग्लोबिन ९.६, बाकीचे रिपोर्ट चांगले. तारीख सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे ऐन गणपतीत. आणि शेवटचं वाक्य: "पुण्यात डिलिव्हरीसाठी सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कोणतं ते सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल."

वाद मिटेल असं एक नाव माझ्याकडे नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २६ वर्षं हेच काम करते. शिकले सरकारी रुग्णालयात. नंतर १७ वर्षं पेठेत स्वतःचं १० खाटांचं नर्सिंग होम चालवलं, ते बंद केलं, आणि आता दोन मोठ्या हॉस्पिटलांत बाळंतपणं करते. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे छोटं की मोठं या भांडणात मी कुणाचीच वकिली करणार नाही. एकाच हॉस्पिटलात, एकाच आठवड्यात, एकीचं बाळंतपण सुरेख होतं आणि दुसरी रडत घरी जाते, हे मी पाहत आले आहे.

तुमच्या घरातले सगळेच आपापल्या परीने बरोबर बोलतायत. फक्त जो तो एकेका गोष्टीवर अडून बसलाय: आयसीयू, अंतर, माहेर. मला विचाराल तर प्रश्न असा आहे: तुमचं काही बिनसलंच, तर ते सावरायला लागणारी माणसं आणि वस्तू किती मिनिटांत तुमच्या खाटेपाशी येतील, आणि तेही रात्री? बहुतेक बाळंतपणं कुठेही सुरळीतच होतात. थोडी बिघडतात. त्यातली काही आधी ओळखता येतात, काही अजिबात येत नाहीत, आणि या दोन प्रकारांसाठी विचार वेगवेगळा करावा लागतो.

आधी ओळखता येणाऱ्यांचं लवकर उरकते, कारण तिथे फारसा वाद नाही. जुळं, वाढलेलं बीपी, इन्सुलिन लागणारी साखर, हृदयाचा आजार, बाळाची वाढ मागे पडलेली, वार गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली, आधीचं सिझर असून वार त्याच व्रणावर बसलेली, ३४ आठवड्यांच्या आतच कळा सुरू झालेल्या. यातलं काहीही असेल तर सरळ मोठ्या ठिकाणी जायचं; रक्तपेढी आणि बाळांचं आयसीयू एकाच आवारात असेल अशा. तुम्हाला आज यातलं काही नाही. पण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी व्हायची आहे. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, ती. आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली असेल तर ३२व्या आठवड्याच्या आसपास परत बघायचं. घाबरू नका, गर्भपिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. सांगायचा मुद्दा हा की आजच अखेरचा निर्णय करायची तुमच्यावर सक्ती नाही. नाव आता घाला, पण जागा पक्की करा ३२-३४व्या आठवड्यात, सगळे रिपोर्ट हातात आल्यावर.

आता ज्यांची आधी चाहूल लागत नाही ती संकटं. माझ्या लेखी त्यात पहिला नंबर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार पडली की गर्भपिशवीने घट्ट आवळून त्या सगळ्या नळांच्या चाव्या बंद करायच्या, अशी निसर्गाची व्यवस्था. ती आवळली नाही तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

माझ्याच नर्सिंग होममधली एक रात्र सांगते. दुसरेपणाची बाई, सगळे रिपोर्ट चांगले, पहाटे तीनच्या सुमारास सुरेख नॉर्मल बाळंतपण. मी हातमोजे काढून बाळाचं वजन कागदावर लिहीत होते. सिस्टर म्हणाली, "मॅडम, जरा बघता का?" तिच्या आवाजावरूनच कळलं. गर्भपिशवी कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, पोटावरून चोळत राहिले, आत फुगा टाकला. तिथे मी, एक सिस्टर आणि एक मावशी, बस. नवरा रक्ताचा नमुना घेऊन मोटरसायकलवर रक्तपेढीत गेला. नमुना जुळवायलाच तासाच्या आसपास जातो; तो दोन पिशव्या घेऊन परत यायला दीड तास लागला. तोवर मी तिला रुग्णवाहिकेत घालून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं आणि तो रिकाम्या लेबर रूममध्ये पिशव्या धरून उभा होता. बाई वाचली, आठव्या दिवशी घरी गेली. तिचा मुलगा आता कॉलेजात आहे. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक गरोदर बाईच्या रक्तगटाचा माणूस आधीच ठरवून ठेवायला लागले, आणि रात्री एकाऐवजी दोन सिस्टर ठेवल्या. नर्सिंग होम बंद केलं ते बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच कारणांनी, पण ती रात्र त्या कारणांत होती.

हे सांगितलं ते तुमच्या ९.६ साठी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्त कमी असणं म्हणतात, आणि १० च्या खाली गेलं की ते मध्यम प्रतीचं धरतात. ज्या बाईचं १२ आहे तिचं ७०० मिलिलिटर रक्त गेलं तर तिला चक्कर येईल. तुमचं तेवढंच गेलं तर रक्त चढवायची वेळ येऊ शकते. म्हणजे तुम्ही हॉस्पिटलवरून भांडताय, पण तुमच्या हातातली सगळ्यात मोठी सुरक्षा या आकड्यात आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत असाल तर आजपासून वेगळ्या करा. दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. महिनाभरात आकडा हलला नाही तर डॉक्टरांना सलाइनमधून लोह देण्याबद्दल विचारा. अळिवाचे लाडू खा, बीट खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. ३४व्या आठवड्यात ११ दिसले तर तुमच्यापुढचे पर्याय वाढतात. नऊच्या घरातच राहिलं तर मी तरी तुम्हाला रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणीच पाठवीन.

आता रात्रीबद्दल. सकाळी अकराला कुठलंही हॉस्पिटल चांगलंच दिसतं. फरशी पुसलेली, ओपीडीत तीन डॉक्टर, काउंटरवरची मुलगी हसून बोलते. बाळं मात्र ओपीडीच्या वेळा पाळत नाहीत. आपसूक कळा आलेल्या बायका पहाटेच्या सुमारास जास्त बाळंत होतात, हे कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा. म्हणून दोन्ही ठिकाणी एकेकदा रात्री साडेनऊनंतर जाऊन या. फोन करून जा, "लेबर रूम बाहेरून बघायची आहे, दोन प्रश्न विचारायचे आहेत" एवढं सांगा. वागणूक कशी मिळते तेही त्यात कळतं.

विचारायचं काय? पहिलं, भूल देणारे डॉक्टर रात्री इथेच असतात की बोलवावे लागतात, आणि बोलवावे लागले तर कुठून येतात. छोट्या ठिकाणी ते घरूनच येणार, यात काही गैर नाही. नऱ्ह्यातून किंवा वडगावातून येणारा माणूस रात्री १५ मिनिटांत पोचतो. खराडीतून येणारा नाही पोचत. अगदी तातडीचं सिझर ठरलं तर साधारण ३० मिनिटांत बाळ बाहेर यावं, असा एक मापदंड जगभर धरतात, तो डोक्यात ठेवून उत्तर ऐका. दुसरं, रक्त लागलं तर कुठून येतं आणि आणायला कोण जातं. "नातेवाईक जातात" हे उत्तर आलं तर माझ्या मोटरसायकलवाल्याची आठवण ठेवा. तिसरं, कळा चालू असताना बाळाचे ठोके किती वेळाने बघता. कळा नीट सुरू झाल्यावर किमान दर अर्ध्या तासाने आणि बाई जोर करायला लागली की दर पाच मिनिटांनी, असं उत्तर सिस्टरने न अडखळता दिलं पाहिजे. हा प्रश्न डॉक्टरांना विचारू नका, सिस्टरलाच विचारा. डॉक्टर पुस्तकातलं सांगतील. ठोके बघणार ती.

उत्तर "आमच्याकडे अशी वेळ येत नाही" किंवा "तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळं मॅनेज करतो" असं आलं तर सावध व्हा. अशी वेळ सगळ्यांवर येते. जो डॉक्टर शांतपणे सांगतो की "आमच्याकडे हे नाही, म्हणून लागलं तर अमुक हॉस्पिटलात पाठवतो, तिथे आमचं बोलणं झालेलं असतं", तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

सिस्टरांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण पेशंट त्यांच्याकडे कधी बघतच नाहीत. पहिलटकरणीच्या कळा सरासरी आठ तास, कधी अठरा तासही चालतात. त्यातला डॉक्टरांचा वेळ मिळून तासभर. बाकी सगळा वेळ तुम्ही सिस्टरच्या हाती. ती नर्सिंग शिकलेली आहे का, की अनुभवावर तयार झालेली मावशी? मावशींबद्दल मला आदर आहे, माझ्याकडची मावशी नुसत्या कण्हण्यावरून सांगायची की हिला अजून दोन तास आहेत, आणि ते बरोबर निघायचं. पण बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात मास्क लावून श्वास द्यायचं शिक्षण लागतं. शंभर बाळांमागे साधारण दहांना पहिला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते. बहुतेकांना पुसून, पाठ चोळून भागतं, काहींना पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. तेव्हा बाळांचे डॉक्टर अजून पुलावर असतील. खोलीत जे कुणी आहे त्यालाच ते यायला हवं. आणि हेही विचारा की कळांच्या वेळी आई किंवा नणंद जवळ थांबू देतात का. ओळखीचं माणूस सतत सोबत असलं की कळा कमी वेळ चालतात आणि सिझरही कमी होतात, हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही सोबतीला परवानगी दिली. खाजगीत मात्र अजूनही "बाहेर थांबा" ऐकू येतं.

मिस्टरांच्या आयसीयूच्या मुद्द्यावर येते. तो फालतू नाही, पण त्यांना वाटतो त्याच कारणासाठी नाही. दिवस भरलेल्या, वाढ चांगली असलेल्या बाळाला आयसीयू लागण्याची शक्यता कमी असते. ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोच्या आतलं बाळ असेल तर मात्र वरच्या लेव्हलचं आयसीयू लागतंच, आणि अशा वेळी बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा आईलाच आधी हलवणं केव्हाही चांगलं. आईचं पोट हा सगळ्यात चांगला इन्क्युबेटर. तुमच्यासारखीच्या बाबतीत अडचण वेगळी होते: बाळाला कावीळ किंवा धाप म्हणून तीन-चार दिवस ठेवावं लागलं, की आई धायरीत, बाळ कर्वे रोडला आणि बाबा डब्यात चीक घेऊन सिंहगड रोडवर. टाके ताजे असलेल्या बाईला ही ताटातूट फार जड जाते, अंगावरचं दूधही मागे पडतं. एकाच छताखाली दोघं असण्याची किंमत मी या कारणासाठी जास्त धरते.

पण मोठ्या हॉस्पिटलची दुसरी बाजूही ऐका. तुमच्या डॉक्टर तिथे बाळंतपणं करतात का? पुण्यात बरेचसे डॉक्टर आपल्या क्लिनिकमध्ये तपासतात आणि दोन-तीन हॉस्पिटलांशी ॲटॅच असतात. तुमच्या डॉक्टर जर त्या मोठ्या हॉस्पिटलात जात असतील, तर अर्धा वाद तिथेच संपला. नसतील तर मोठ्या हॉस्पिटलात रात्री तुम्हाला बघणारी ड्यूटीवरची डॉक्टर तुम्ही त्याआधी कधी पाहिलेलीही नसेल. ती हुशार असेल, जागी असेल, हे तिचं मोठं बलस्थान. तुम्हाला ओळखत नसेल, ही उणीव. सीनियर डॉक्टर कधी येतात, कुठल्या परिस्थितीत त्यांना उठवलंच जातं, हे विचारा. मी स्वतः आता आणखी दोघींबरोबर पाळीने काम करते, आणि पहिल्याच भेटीत बायकांना सांगते की रात्री आमच्यातली कुणीही येईल, तिघींना एकेकदा भेटून घ्या. नाराज होतात. मला मात्र सलग ३० तास जागी असलेल्या डॉक्टरच्या हातून बाळंत व्हायला आवडलं नसतं.

सिझरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, सरकारीतली १४.३ टक्के. ही दरी नुसत्या पैशाने पडत नाही, नुसत्या गुंतागुंतीनेही पडत नाही. दोन्ही आहे, शिवाय मुहूर्त बघून येणारी घराणीही आहेत. ३९ आठवडे भरण्याआधी पंचांग बघून केलेल्या सिझरच्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते, हे समजावता समजावता माझा घसा बसलाय. "तुमच्याकडे सिझर किती टक्के?" हा प्रश्न मोठ्या हॉस्पिटलावर अन्याय करतो, कारण अवघड केसेस सगळीकडून तिथेच जातात. प्रश्न असा विचारा: "पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप आलेल्या. अशा बायकांतल्या किती जणींचं सिझर होतं?" जागतिक आरोग्य संघटना ज्या रॉबसन वर्गवारीने आकडे ठेवायला सांगते, त्यातला हा पहिला गट. तुम्ही बहुधा याच गटात असाल. आकडा तोंडावर कुणी सांगणार नाही कदाचित, पण प्रश्न ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा बघा. विचार करणारा डॉक्टर खूश होतो. आणि नाळेचा वेढा! दर चार-पाच बाळांत एकाच्या मानेभोवती वेढा असतो, बहुतेक नॉर्मलच येतात. आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वेढा दिसला एवढ्या एकाच कारणावर कुणी सिझरची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कळा चालू असताना ठोके खाली गेले म्हणून सिझर ठरलं, तर मात्र वाद घालू नका.

अंतर. सासूबाईंचं "जवळचं बरं" दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जितकं लागू आहे तितकं पहिल्याला नाही. पहिलटकरणीकडे बहुतेक वेळा तास असतात, मिनिटं नव्हेत. १० मिनिटं की ४५, याने सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो अंगावरून लाल रक्त जायला लागलं, पाणी हिरवट गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर. आणि तुमची तारीख गणपतीतली आहे, हे तुम्ही हसत लिहिलंय पण मी हसणार नाही. धायरीतून राजाराम पुलावरून कर्वेनगरकडे जाणारा रस्ता संध्याकाळी सातला, सकाळी नऊला आणि पाऊस पडत असताना, असा तीनदा गाडीने करून बघा. भिडे पूल तर खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंदच. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर रस्ते मिरवणुकीचे, ते दुसऱ्या दिवसापर्यंत मोकळे होत नाहीत, आणि पुलांवर गर्दी. तुम्हाला पेठांत शिरायचं नाही हे नशीब. माझ्या नर्सिंग होमला विसर्जनाच्या रात्री बायका दोन चौक चालत आलेल्या आहेत, पुढे दोरी धरलेली कार्यकर्ती पोरं. त्या पोरांनी वाट करून दिली नाही असं एकदाही झालं नाही, हेही सांगायला हवं. ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. त्यामुळे गणपतीच्या आधीचे पंधरा दिवसही धरून चाला.

कराडबद्दल. माहेरी जायची ओढ मी समजू शकते, आणि बाळंतिणीला आईच्या हातचं जे मिळतं ते हॉस्पिटल देऊ शकत नाही. कराडला वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, म्हणजे तिथे सोय नाही असं नाही. पण जायचं तर उशिरा, ३६-३७व्या आठवड्यात खंबाटकी घाट ओलांडून नको. ३२-३३ पर्यंत जा, जाताना सगळी फाइल न्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी कळा सुरू होण्याआधी तुम्हाला किमान तीनदा तपासलेलं असू दे. निम्मं इथे, निम्मं तिथे आणि शेवटी कुणालाच पूर्ण माहिती नाही, अशा बायका मी रात्री दाखल करून घेतल्या आहेत. रक्तगटापासून सुरुवात करावी लागते. आई पुण्याला येऊ शकत असेल तर मला ते जास्त आवडेल. बाळंतपण इथे, शेक-शेगडी पंधरा दिवसांनी कराडला.

पैशांचं. पॅकेजचा आकडा बघून तुलना करू नका. नॉर्मलच्या पॅकेजात सहसा नसतं ते असं: बाळाच्या डॉक्टरांची फी, भूल किंवा एपिड्युरल (कळांच्या वेदना कमी करायला पाठीतून देतात ते इंजेक्शन), रक्त, वापरून फेकायच्या वस्तू, एक जादा दिवस, बाळाचं आयसीयू. लेखी अंदाज तीन मागा: नॉर्मल, कळा येऊन मग करावं लागलेलं सिझर, आणि बाळाला पाच दिवस आयसीयू. खोलीचा वर्ग वाढला की बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनची फीसुद्धा वाढते, म्हणून एसी खोलीचा मोह आधी हिशेबात घाला. कंपनीचा विमा असेल तर बाळंतपणाची मर्यादा किती, आणि बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात येतं की नाही, हे एचआरला मेलवर विचारा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नर्सिंग होम्सना बंधनकारक आहे. ते लावलंय का तेही बघून या.

ज्यांना दोन्ही आकडे झेपणारे नाहीत अशा कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ससून, महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण रुग्णालय) इथे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण धरून. गर्दी असते, एकांत मिळत नाही, बोलणं कधी कधी तुटक असतं. पण अवघड बाळंतपणं हाताळायचा तिथल्या डॉक्टरांचा रोजचा सराव कुठल्याच पॉश हॉस्पिटलात नसतो. मी तिथेच शिकले. शिवाय पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय न्यासाची आहेत, आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी काउंटरवर नाही, तिथल्या समाजसेवा विभागात जायचं, आणि कळा सुरू होण्याआधी कागद घेऊन जायचं.

प्रमाणपत्रांचं दोन ओळींत: नर्सिंग होमकडे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, फॉग्सीचं, 'मान्यता' असेल तर चांगली खूण आहे. ते १६ निकषांवर मिळतं आणि त्यात लेबर रूममधली प्रत्यक्ष पद्धत बघतात. भिंतीवरच्या बाकीच्या फ्रेम्सना मी फार महत्त्व देत नाही.

आता तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते सांगते. सध्याच्याच डॉक्टरांकडे दाखवत राहिले असते, कारण जुळलेला डॉक्टर सहज मिळत नाही. पुढच्या भेटीत त्यांना सरळ विचारलं असतं, "मॅडम, मोठ्या हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर तुम्ही कुठे पाठवता, आणि तुम्ही स्वतः तिथे येता का?" ३०व्या आठवड्याच्या सुमारास त्या मोठ्या हॉस्पिटलात एकदा तपासून घेऊन तिथेही फाइल उघडून ठेवली असती, एका भेटीची फी जाते, पण रात्री दारात "पेशंट कोण, रिपोर्ट कुठे" हे होत नाही. हिमोग्लोबिन ११ वर, साखर नीट, वार वर, बाळाची वाढ चांगली आणि रात्रीच्या तीन प्रश्नांची उत्तरं पटलेली असतील तर नर्सिंग होममध्ये बिनधास्त बाळंत झाले असते. यातलं एक जरी अडलं तर ३४व्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात गेले असते, आणि मग मागे वळून बघितलं नसतं. तुमच्या डॉक्टरही बहुधा हेच म्हणतील. त्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलंय, मी नाही, तेव्हा आमच्यात फरक पडला तर त्यांचं ऐका.

रात्रीच्या त्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या. त्यांनी दोन-तीन बाळंतपणं जवळून पाहिली असतील, सिस्टरशी त्या तुमच्यापेक्षा मोकळेपणाने बोलतील. आणि २८व्या आठवड्याचं हिमोग्लोबिन आलं की आकडा इथे कळवा, मग सलाइनमधून लोह घ्यायचं की गोळ्याच चालू ठेवायच्या, त्यावर बोलू.